फौजेतला चालक : त्याचे लायसन आणि त्याची गाडी

समाजावर सैनिकाचे ऋण आहे, असे व्यासपीठावरून म्हटले की सभेत टाळ्या पडतात. परंतु हे ऋण फेडण्याचा प्रसंग सहसा सभेत येत नाही. तो येतो एखाद्या सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी, भर दुपारी, आणि त्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी तेथे कोणी हजर नसते. खिडकीबाहेर पस्तीस-अडतीस वर्षांचा एक ताठ माणूस उभा असतो. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद असतात. आणि आतल्या कारकुनाला त्यांपैकी एकही कागद ओळखीचा वाटत नसतो. आम्ही जे लिहिणार आहोत ते या कागदांविषयी आहे.

प्रश्न दोन आहेत. फौजेत मोटार चालवणाऱ्या माणसाला मुलकी लायसन मिळताना कायद्याने कोणती सूट दिली आहे, हा पहिला. नोकरीपायी देशभर फिरणाऱ्या सैनिकाने आपल्या स्वतःच्या गाडीची नोंदणी कोठे आणि कशी करावी, हा दुसरा. दोन्ही वरकरणी क्षुल्लक वाटतील. परंतु मोटार-कामगारांच्या चळवळीत काम करताना आमच्या असे ध्यानात आले आहे की, माणसाची रोजी पुष्कळदा अशाच एखाद्या कागदाला टांगलेली असते. शिवाय या बाबतीत जी सूट आहे तिला लोक ‘सवलत’ म्हणतात, तेही आम्हांस पटत नाही. सवलत म्हणजे मेहेरबानी. येथे तर सरकारने आपलीच सही ओळखावी एवढीच अपेक्षा आहे. सरकारच्या एका खात्याने ज्या माणसाची परीक्षा घेऊन त्याच्या हाती पाच-सात टनांची गाडी दिली, त्याला दुसऱ्या खात्याने ‘तू शिकाऊ’ म्हणून रांगेत उभे करावे, यात शहाणपण कोणते?

जाता जाता शब्दांविषयी. सरकारी मराठीत लायसनला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात. हा शब्द आम्ही आजवर एकाही ड्रायव्हरच्या तोंडून ऐकलेला नाही. म्हणून आम्ही लायसनच म्हणू. गाडीला धंद्यासाठी लागते ते परमिट. ते निराळे, आणि त्याच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही.

फौज आणि मोटारलाईन यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी लष्करातील माणसांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. त्यांपैकी पुष्कळांनी मोटारीचे चाक पहिल्यांदा हाती धरले ते फौजेतच. ज्या गावात बैलगाडीखेरीज दुसरे वाहन नव्हते, तेथला तरुण उत्तर आफ्रिकेच्या वाळूत आणि ब्रह्मदेशाच्या चिखलात लॉरी चालवून परत आला. युद्ध संपल्यावर ही माणसे घरी आली आणि त्यांच्या मागोमाग लष्कराने निकालात काढलेल्या गाड्याही बाजारात आल्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्या काळात चाक धरता येणारा माणूस मिळणे हीच मोठी गोष्ट होती, आणि तो कोठे शिकला हे कोणी फारसे विचारीत नसे. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे, ते ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी आहे. अशा मुलखात फौजेतून आलेल्या कोणालाही, मग तो शिपाई असो की हवालदार, गावकरी सरसकट ‘मेजर’ म्हणतात. गावाने दिलेली ही बढती आर.टी.ओ.च्या कचेरीत मात्र चालत नाही.

आता कायद्याकडे वळू. मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा, त्यानंतरचा १९३९ चा, आणि आज चालू आहे तो १९८८ चा. हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्याचे तिसरे कलम सर्वांना ठाऊक असते : लायसनवाचून सार्वजनिक जागी मोटार चालवू नये, आणि मालाची किंवा भाड्याची गाडी चालवायची तर लायसनवर तसा स्पष्ट अधिकार असावा. अठरावे कलम मात्र मोटारलाईनमध्ये मुरलेल्यांनाही क्वचितच माहीत असते. ते असे सांगते की, देशाच्या संरक्षणाच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि धंद्याशी संबंध नसलेल्या केंद्र सरकारच्या गाड्या चालवण्यासाठी केंद्राने नेमलेला अधिकारी अठरा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला लायसन देऊ शकतो. ते साऱ्या भारतात चालते. कोणत्या वर्गाची गाडी, किती मुदतीपर्यंत, हे त्यावर लिहिलेच पाहिजे. अशा गाड्यांच्या नोंदणीसाठी साठावे कलम आहे. लष्कराच्या गाड्यांवर आर.टी.ओ.चा नंबर नसतो, त्याऐवजी वर टोक केलेल्या बाणाने सुरू होणारा नंबर असतो, तो याच कलमाच्या आधारावर. मुलांना त्या बाणाचे मोठे कुतूहल असते. त्यांनी विचारले तर सांगावे की ही गाडी सरकारने स्वतःच्या वहीत मांडलेली आहे.

याच अठराव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात खरी गोम आहे. या लायसनवर लष्कराच्या गाडीखेरीज दुसरी कोणतीही गाडी चालवता येत नाही. म्हणजे जो जवान बर्फात खिंड ओलांडून रसद पोचवतो, त्याने रजेवर आल्यावर भावाचा टेंपो बाजारापर्यंत नेला तर कायद्याच्या नजरेने तो बिनलायसनचा आहे. हे पुष्कळ घरांत माहीत नसते. उसाच्या हंगामात माणसे कमी पडतात, पोरगा रजेवर आलेला असतो, ‘फौजेत ट्रक चालवतोस ना, मग घे ट्रॅक्टर’ असे वडील सहज म्हणतात. काही झाले नाही तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु अपघात झाला की विमा कंपनीचा वकील पहिली गोष्ट विचारतो ती लायसनची. २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाचा सविस्तर खल केला आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, चालकाचे लायसन योग्य नसले तरी न्यायालय विमा कंपनीला जखमी माणसाची किंवा मृताच्या वारसांची भरपाई आधी द्यायला सांगू शकते आणि मागाहून ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. अपघातग्रस्ताच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु येथे मालक म्हणजे कोण? तोच भाऊ, तोच बाप. दोन-अडीच एकरांच्या कुटुंबावर लाखो रुपयांची वसुली येऊन बसते, आणि ज्याच्या हातून हे झाले तो माणूस चालक म्हणून बहुधा गावातल्या कोणाहूनही तरबेज असतो. म्हणून रजेवर आलेल्या प्रत्येक जवानाला आम्ही प्रथम हे सांगतो की, बाबा, नोकरीत असतानाच मुलकी लायसन काढून घे.

ते काढणे कायद्याने सोपे केले आहे. नववे कलम लायसन देण्याविषयी आहे. त्यात चालवण्याच्या परीक्षेची अट आहे आणि त्या अटीला अपवादही आहेत. एक अपवाद ज्याचे जुने लायसन संपून पाच वर्षांहून अधिक काळ लोटलेला नाही त्याला. एक परदेशी लायसन असलेल्याला. आणि एक, ज्याच्याजवळ अठराव्या कलमाखालचे, म्हणजे लष्करी, लायसन आहे किंवा पूर्वी होते त्याला. ‘आहे किंवा पूर्वी होते’ हे शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. मुलकी लायसन संपलेल्याला पाच वर्षांची मर्यादा घातली आहे, लष्करी लायसनवाल्याला ती घातलेली नाही. दुसरी महत्त्वाची शब्दयोजना ‘त्या वर्गाचे वाहन’ ही. लष्करी लायसनवर अवजड गाडीचा वर्ग असेल तर सूट अवजड गाडीसाठी, हलक्या गाडीचा असेल तर हलक्या गाडीसाठी. आणि सूट आहे ती परीक्षेपुरती. प्रकृतीच्या दाखल्यातून सूट नाही. माल किंवा उतारू वाहणाऱ्या गाडीचे लायसन मागणाऱ्याला डॉक्टरचा दाखला द्यावाच लागतो, आणि तो लागावा हेच बरोबर. डोळ्यांची नजर हुद्द्यावर ठरत नाही.

इतके स्वच्छ कलम असताना अडते कोठे? खिडकीपाशी जे संभाषण होते ते आम्ही बरोबर जाऊन अनेकदा ऐकले आहे. त्याचा मासला असा :

“मेजर, हे लायसन इथं चालत नाही.”

“साहेब, ह्याच लायसनवर मी लेहला गाडी नेलीय.”

“लेहचं लेहला. इथं शिकाऊ काढा, लाइट मोटारवर एक वर्ष काढा, मग हेवीचं बघू. आणि बाहेर एजंट बसलेत, त्यांना विचारा.”

कारकुनाचे म्हणणे अगदीच निराधार नसते. सातव्या कलमात असे आहे खरे की, हलक्या गाडीचे लायसन वर्षभर बाळगल्याशिवाय माल-उतारूंच्या गाडीचे शिकाऊ लायसन मिळत नाही. परंतु ही अट शिकाऊ लायसनची आहे. ज्याची अंतिम परीक्षाच कायद्याने माफ केली, त्याने बालवर्गाची फी भरून वर्षभर बसावे, असा या दोन कलमांचा एकत्र अर्थ काढणे आमच्या मते चूक आहे. कारकुनाच्या पुढ्यात दिवसाला शे-दोनशे अर्ज असतात आणि लष्करी लायसनवाला महिन्यातून एखादा येतो. त्याला नववे कलम उघडून पाहण्याची सवय राहिलेली नसते. तेव्हा ते कलम, त्यातले पोटकलम, छापील प्रत, हे सारे अर्जदारानेच बरोबर न्यावे. हल्ली अर्ज ‘सारथी’ या सरकारी संगणक-व्यवस्थेवर भरावा लागतो. त्यामुळे खिडकीवरची गर्दी कमी झाली, परंतु यंत्राने अडवले तर त्याला विचारता येत नाही, ही नवी अडचण आहेच.

या एका वर्षाची किंमत काय होते ते सांगितले पाहिजे. फौजेतला शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पेन्शन असते, पण मुले शाळेत असतात आणि घर अर्धे बांधून झालेले असते. त्याला काम आजच हवे असते. अवजड लायसन हातात नाही म्हणून पंधरा वर्षे लष्करी ट्रक चालवलेला माणूस एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. पहारेकऱ्याचे काम कमी प्रतीचे असे आम्ही म्हणत नाही. पण देशाने पैसे खर्चून शिकवलेला हात तेथे वाया जातो. काही जण दुसरी वाट धरतात, आणि ती अधिक वाईट. ट्रान्सपोर्टवाला त्याला ‘सेकंड ड्रायव्हर’ म्हणून ठेवतो. पगार किन्नरचा, काम उस्तादाचे. रात्री घाटात चाक त्याच्याच हाती असते, कारण मालकाला ठाऊक असते की हा माणूस पीत नाही, डुलकी घेत नाही आणि उलट बोलत नाही. नाक्यावर तपासणी लागली की चाक पुन्हा लायसनवाल्याकडे. आमच्याकडे आलेल्या एका माजी हवालदाराने अशी दीड वर्षे काढली होती. हिशेब मागितला तेव्हा मालकाने सांगितले की हा आमच्याकडे ड्रायव्हर नव्हताच. आणि कागदावर ते खरे होते. त्याच्या दीड वर्षाच्या घामाची नोंद कोठेही नव्हती.

ही गोष्ट माजी सैनिकांपुरती राहत नाही. निम्म्या पगारात पाकी गाडी चालवणारा माणूस बाजारात मिळू लागला की ज्याच्याजवळ रीतसर लायसन आहे त्याचाही पगार खाली येतो. मोटार-कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा त्याने घालून दिली. ती मिळवण्यासाठी ज्यांनी झगडा केला त्यांना हे माहीत होते की, कागदावर नसलेला कामगार हा मालकाचा सर्वांत स्वस्त माल असतो. म्हणून आमच्या काही जुन्या सोबत्यांना जेव्हा वाटते की फौजी आले की आपली कामे जातील, तेव्हा आम्ही त्यांना सांगतो की फौजी लायसनवाला झाला तर तो तुमच्या शेजारी उभा राहील. तो बिनलायसनचा राहिला तरच तुमच्या पोटावर पाय येईल.

उलट बाजूने एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. काही मालक व काही अधिकारीही म्हणतात की, फौजेतले चालवणे आणि बाजारातले चालवणे एक नव्हे. तेथे ताफ्यात ठरावीक अंतराने, ठरावीक वेगाने जायचे असते. पुढे पायलट, मागे दुरुस्तीची गाडी. येथे मंडईतून, मिरवणुकीतून, रिक्षांच्या गराड्यातून वाट काढायची. शिवाय बिल्टी, वजनकाटा, नाका, हप्ता आणि उतारूंची कटकट. यात तथ्य आहे. परंतु ही उणीव चाक धरण्यातली नाही, माहितीतली आहे. ती पंधरा दिवसांच्या उजळणी-वर्गाने भरून निघते. तो वर्ग नोकरी सुटण्याआधीच घेतला तर उत्तम. उतारूंच्या गाडीसाठी तर आपल्याकडे लायसनवर बिल्लाही घ्यावा लागतो, त्याला पोलिसांकडून चारित्र्य-पडताळणी लागते. एस.टी.त किंवा शहर-बससेवेत जायचे तर हे सारे करावेच लागते. महाराष्ट्रात शासकीय सेवेतील क व ड गटाच्या जागांत माजी सैनिकांसाठी पंधरा टक्के आरक्षण आहे. परंतु चालकाच्या जाहिरातीत अवजड गाडीचा काही वर्षांचा अनुभव मागितलेला असतो, आणि अनुभव मोजताना मुलकी लायसनची तारीख पाहिली गेली तर आरक्षणाचा दरवाजा उघडा असूनही उंबरठा ओलांडता येत नाही. यावरही उपाय तोच : युनिटमध्ये असतानाच मुलकी लायसन, आणि सुटताना कोणत्या वर्गाची गाडी किती वर्षे चालवली याचा सही-शिक्क्याचा दाखला. एकदा माणूस गावी आला की युनिट राहते दोन हजार कोसांवर, आणि तेथला साहेब तोपर्यंत बदलून गेलेला असतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एक निर्णय दिला. त्याने लहान गाडीवाल्यांचा मार्ग थोडा मोकळा झाला. हलक्या मोटारीचे लायसन असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतची माल-उतारूंची गाडीही चालवू शकतो, त्यासाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही, असे त्यांनी ठरवले. म्हणजे टेंपोपुरता प्रश्न मिटला. लॉरी आणि बसचा प्रश्न आहे तसाच आहे.

असेच दुखणे अमेरिकेतही होते, आणि त्यांनी त्यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्या देशात अवजड गाडीचे निराळे लायसन १९८६ च्या कायद्याने आले. लष्करी कामावर लष्करी गाडी चालवणाऱ्याला ते लागत नाही. म्हणजे फौज सोडताना त्याच्याही हाती मुलकी कागद नसतो. २०११ साली केंद्राने नियम करून राज्यांना अशा माणसाची रस्त्यावरची परीक्षा माफ करण्याची मोकळीक दिली. अट अशी की, त्याने सुटण्यापूर्वीची सलग दोन वर्षे तशाच जातीची गाडी चालवलेली असावी, आणि गंभीर गुन्हा किंवा त्याच्या दोषाने झालेला अपघात नावावर नसावा. प्रथम अर्जाची मुदत नोकरी सुटल्यापासून नव्वद दिवसच होती. नव्वद दिवसांत माणसाचे सामानही नीट लागत नाही. २०१६ साली ती एक वर्ष केली. पुढे २०१८ मध्ये लेखी परीक्षाही माफ करण्याची मुभा आली, आणि लष्करातील कोणकोणत्या कामाची माणसे तिला पात्र हे निश्चित झाले : भूदलाचा मोटारचालक, इंधन पोचवणारा, पॅट्रियट क्षेपणास्त्राच्या गाडीवरचा माणूस, नौदलाचा यंत्रचालक वगैरे. आपले नववे कलम शब्दांनी यापेक्षाही उदार आहे. त्यात वर्षाची मुदत नाही, दोन वर्षांची अट नाही. त्यांच्याकडे मात्र लष्करातल्या कामाचे नाव आणि मुलकी लायसनचा वर्ग यांची जुळणी आधीच करून ठेवली आहे, त्यामुळे खिडकीवरच्या माणसाला डोके खाजवावे लागत नाही. असा एक तक्ता आपल्याकडेही प्रत्येक आर.टी.ओ.त लावायला खर्च कितीसा येणार?

हा तक्ता आता अधिकच निकडीचा झाला आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्याखाली घेतलेल्या अग्निवीरांची नोकरी चार वर्षांची, आणि त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम व्हायचे. बाकीचे पंचविशीच्या आत-बाहेर घरी येणार, तेही पेन्शनवाचून. त्या योजनेविषयी मतभेद आहेत आणि आमचेही मत अनुकूल नाही. तो वाद येथे नको. परंतु ज्याला चार वर्षांत गाडी चालवायला शिकवले त्याला निदान त्या शिक्षणाचा मुलकी कागद हाती देऊनच घरी पाठवावे, याला त्या योजनेच्या समर्थकांचीही हरकत नसावी.

आता गाडीच्या नोंदणीकडे येऊ. येथे अडचण निराळ्या मुळाची आहे. आपल्या राज्यघटनेने वाहनांवरील कर राज्यांच्या यादीत ठेवला आहे. कायदा देशाला एक, कर ज्या त्या राज्याचा. बहुतेक राज्ये नव्या मोटारीवर पंधरा वर्षांचा कर एकदम घेतात. आणि सत्तेचाळिसावे कलम म्हणते की, एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली तर तेथला नवा नंबर घ्यावा. जो माणूस आयुष्यभर सोलापुरात राहतो त्याला याचे काही वाटणार नाही. सैनिकाची बदली मात्र दोन-तीन वर्षांनी होते : आज पठाणकोट, उद्या पुणे, परवा जोरहाट. प्रत्येक खेपेला जुन्या राज्यातून ‘ना हरकत’ दाखला आणा, गाडी कर्जावर असेल तर बँकेची संमती आणा, नव्या राज्याचा कर आधी भरा, आणि मग जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागा. परतावा मागायला पुन्हा त्याच गावी खेटे घालावे लागत, जेथून माणूस नुकताच बदलून गेलेला असे. पुष्कळांनी तो पैसा सोडूनच दिला. काहींनी जुन्याच नंबरावर गाडी चालवली आणि नाक्यानाक्यावर ओळखपत्र दाखवीत राहिले.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केले आणि १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘भारत’ मालिकेचे नंबर सुरू झाले. नंबरात राज्याच्या अक्षरांऐवजी नोंदणीच्या वर्षाचे दोन आकडे आणि ‘बीएच’ ही अक्षरे असतात. अशी गाडी कोणत्याही राज्यात गेली तरी नवा नंबर घ्यावा लागत नाही. कर पंधरा वर्षांचा एकदम न घेता दोन वर्षांचा, किंवा दोनाच्या पटीत, घेतात. दर गाडीच्या बिलावर ठरतो : दहा लाखांच्या आत आठ टक्के, वीस लाखांपर्यंत दहा, त्यापुढे बारा, डिझेलला दोन टक्के जास्त, विजेच्या गाडीला दोन कमी. चौदा वर्षांनंतर कर दरसाल आणि पूर्वीच्या निम्म्याने. हा नंबर घेण्याची सक्ती नाही, आणि तो खासगी गाडीलाच मिळतो. माल-उतारूंच्या गाडीला नाही. नोकरीत असलेल्या सैनिकाला आपले ओळखपत्र पुरते. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आधीच नोंदलेली गाडीही, कराचा हिशेब पुरा करून, या मालिकेत नेण्याची सोय झाली. एकच इशारा : दर दोन वर्षांनी कर भरण्याची आठवण ज्याची त्याने ठेवायची आहे. जो सहा सहा महिने निरोप न पोचणाऱ्या ठाण्यावर असतो त्याने हे काम घरच्या कोणावर तरी सोपवून ठेवावे.

ही मालिका केवळ सैनिकांसाठी नाही. केंद्र व राज्य सरकारचे नोकर, सरकारी कंपन्यांचे नोकर, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर यांनाही ती खुली आहे. त्याविषयी काहींची कुरकुर असते. आम्हांस त्यात गैर दिसत नाही. बदलीचा जाच ज्याला होतो त्याला उपाय मिळावा. फक्त एवढे खटकते की, ट्रकवर पोट भरणारा जो माणूस महिन्यातून चार राज्ये ओलांडतो, त्याच्या गाडीचा विचार या नियमांत कोठेच नाही.

राज्य आणि केंद्र यांच्या या ओढाताणीत सैनिक सापडल्याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेचे आहे. कॅप्टन बझार्ड हा हवाई दलातला अधिकारी, मूळ रहिवासी वॉशिंग्टन राज्याचा. अलाबामात तात्पुरत्या नेमणुकीवर असताना त्याने ओल्ड्समोबिल गाडी घेतली आणि तेथलाच नंबर घेतला. नेमणूक होती कॅलिफोर्नियातल्या कॅसल विमानतळावर. कॅलिफोर्नियाने सांगितले, आमचा नंबर घ्या आणि आमची फी भरा. त्यात गाडीच्या किमतीवर दोन टक्के अशी मोठी रक्कम होती. त्याने नकार दिला. त्याच्यावर खटला होऊन त्याला दोषी ठरवले गेले. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी १९६६ मध्ये निकाल लागला की, हुकमाने आणलेल्या सैनिकाकडून राज्याला असा महसुली कर घेता येणार नाही, आणि तो दिला नाही म्हणून शिक्षाही करता येणार नाही. आधार होता सैनिकांच्या दिवाणी संरक्षणासाठी १९४० साली झालेल्या कायद्याचा. सैनिक एखाद्या राज्यात राहतो तो स्वतःच्या मर्जीने नव्हे, हे तत्त्व त्यामागे होते. आपण ते नियमाने आणले, पंचावन्न वर्षांनी.

टोलविषयी नेहमी विचारतात म्हणून दोन वाक्ये. १९०१ चा एक जुना कायदा कामावर असलेल्या किंवा कूच करणाऱ्या सैनिकाला टोल माफ करतो. निवृत्त माणसाला तो लागू नाही, आणि नाक्यावर त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

शेवटी ज्यांच्या अंगावर लढाईची खूण राहिली त्यांच्याविषयी. पुण्याजवळ खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातकाम शिकवण्यासाठी ती संस्था निघाली. एक पाय गेलेला माणूसही मोटार चालवू शकतो. क्लच-ब्रेकची रचना हाताजवळ आणली की झाले. जुन्या कायद्यात अशा गाडीला ‘अपंगाची गाडी’ अशा अर्थाचा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीने ‘जुळवून घेतलेले वाहन’ अशा अर्थाचा नवा शब्द आणला. असलेल्या गाडीत रीतसर परवानगीने फेरफार करून ती या वर्गात नोंदता येते, आणि ती चालवण्याचे लायसनही मिळते. मात्र व्याख्येत एक अट आहे : गाडी केवळ त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरली पाहिजे. म्हणजे ज्याने लष्करी ट्रक चालवताना पाय गमावला, तो आपल्या मुलीला शेजारी बसवून दवाखान्यात जाऊ शकेल. त्याच गाडीवर भाड्याचे उतारू घेऊन घर चालवू म्हणेल तर त्याला ही व्याख्या आडवी येते. ती कशी सैल करता येईल, याचा मसुदा आमच्या संघटनेत सध्या चर्चेला आहे.